फॅन बेल्ट : बदलावा कसा आणि ताणावा किती?



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरचे टायर, ट्रॉलीचे हुक आणि जॅक यांची पाहणी आपण न सांगता करतो. बॉनेटखाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याकडे मात्र तो तुटेपर्यंत कोणी बघत नाही. अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले, तरी कुणाच्या ना कुणाच्या गोठ्याशेजारी ती उभी असतेच. जुन्या जीपगाड्या तर अजून रोज शेतावर जातात. या गाड्यांचा फॅन बेल्ट घरच्या घरी, दोन-तीन पान्यांवर बदलता येतो. ट्रॅक्टरचेही बहुतेक तसेच आहे. त्यासाठी मिस्त्रीची वाट बघत दिवस घालवायचे कारण नाही.

आधी बेल्ट करतो काय ते पाहू. इंजिनाच्या पुढच्या टोकाला खाली क्रँकची पुली असते. तिच्यावरून निघालेला बेल्ट वॉटर पंप आणि त्याच्याच दांड्यावरचा पंखा फिरवतो आणि बाजूचा डायनामो किंवा अल्टरनेटर फिरवतो. म्हणजे एका पट्ट्यावर तीन कामे: पाणी खेळवणे, रेडिएटरमधून वारा ओढणे आणि बॅटरी भरणे. पट्टा गेला की तिन्ही एकदम बंद. गाडी मात्र लगेच बंद पडत नाही, आणि धोका तिथेच आहे. पाणी जागच्या जागी उकळते. तरीही 'गावापर्यंत जाईल की' म्हणून रेटले, तर हेडचे गॅस्केट जळते, हेड वाकते, शेवटी पिस्टन धरतो. बेल्टची किंमत आणि इंजिन उतरवण्याचा खर्च यांची तुलना ज्याची त्याने करावी. ट्रॅक्टर उसाची खेप घेऊन वाटेत उभा राहिला, तर नुकसान दुहेरी. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला जावा असे आपण म्हणतो ते उगाच नाही. उन्हात पडून त्याचे वजनही घटते आणि उताराही.

आता बेल्टची पकड. पुष्कळांची समजूत अशी की बेल्ट खाचेच्या तळाला घासून पुली फिरवतो. तसे नाही. या बेल्टचा छेद वर रुंद, खाली अरुंद असतो, आणि तो कुदळीच्या दांड्यात मारलेल्या पाचरेसारखा खाचेत आवळून बसतो. पकड असते ती दोन बाजूंची. म्हणून बाजू झिजून बेल्ट खाचेत खोल उतरला आणि तळाला टेकला, की कितीही ताणा, तो घसरणारच. पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल, तर बेल्ट तळाला टेकतोय असे खुशाल समजावे. चांगला बेल्ट पुलीच्या काठाशी जवळजवळ समपातळीत बसतो. नवा घातलेलाही आत बुडत असेल, तर एक तर माप चुकले आहे किंवा पुलीच झिजली आहे.

बेल्ट तुटण्याआधी सांगून जातो, ऐकणारा हवा. सकाळी गाडी सुरू करून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की किंचाळल्यासारखा आवाज येतो. रात्री हेडलाइट लावले की तोच आवाज वाढतो, कारण डायनामोवर भार पडतो आणि सैल बेल्ट घसरतो. इंजिन बंद करून बेल्ट पिळून त्याची खालची बाजू बघावी. आडव्या भेगा, सुटलेले दोरे, काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या बाजू, किंवा तेल पिऊन फुगलेले रबर, यांतले काहीही दिसले तर तो बेल्ट बदलावाच. तेल लागले असेल तर आधी गळती बंद करावी, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. आवाज बंद व्हावा म्हणून साबण किंवा राळ लावण्याची पद्धत आहे. तिने आवाज दोन दिवस थांबतो, दुखणे तसेच राहते.

काम सुरू करताना इंजिन गार असावे, किल्ली खिशात असावी आणि बॅटरीची अर्थची तार सोडलेली असावी. डायनामोच्या टर्मिनलला पाना टेकून ठिणगी उडाली की मग ही आठवण होऊन उपयोग नाही. उपरणे, सैल बाही, पदर, काहीही लोंबते ठेवू नये.

डायनामो बहुधा दोन बोल्टांवर झुलता बसवलेला असतो, आणि तिसरा बोल्ट लांब खाचेच्या पट्टीत असतो. तिन्ही ढिले करावेत, काढायचे नाहीत. मग डायनामो इंजिनाकडे ढकलला की बेल्ट सैल पडतो. तो डायनामोच्या पुलीवरून उतरवावा आणि पंख्याचे एकेक पाते हाताने फिरवत त्यावरून बाहेर घ्यावा. नवा चढवताना क्रँकची पुली आधी, मग पंख्याची, डायनामोची शेवटी. हाताने सहज बसला पाहिजे. इथे घाई करणारे स्क्रू ड्रायव्हर खुपसून, पंखा फिरवून बेल्ट चढवतात. बसतो खरा, पण आतले दोरे तुटतात. वरून काही दिसत नाही, आणि महिन्याभरात बेल्ट गेला की दुकानदाराला शिव्या! डायनामो पूर्ण आत ढकलूनही बेल्ट बसत नसेल तर माप आखूड आहे, परत करावा.

आता ताण. सगळी मेख इथेच आहे. डायनामो बाहेर ओढून धरायला लाकडी दांडका घ्यावा आणि तो डायनामोच्या पुलीकडच्या टोकाला टेकवावा, मधल्या पोटाला नव्हे. अल्टरनेटरचे आवरण अ‍ॅल्युमिनियमचे असते, पहारीच्या जोराने ते तडकते. धरलेल्या जागी आधी पट्टीचा बोल्ट आवळावा, मग झुलते दोन. दोन पुल्यांमधले सर्वांत लांब अंतर निवडून त्याच्या मधोमध अंगठ्याने बऱ्यापैकी दाबून पाहावे. जुन्या मोटारींना साधारण अर्धा इंच, म्हणजे १२-१३ मिलिमीटर दबला तर ताण ठीक. गाडीचे पुस्तक असेल तर त्यातला आकडा खरा मानावा. बोल्ट आवळताना डायनामो थोडा सरकतो, म्हणून शेवटी पुन्हा एकदा दाबून बघायचेच.

'जरा जास्तच आवळ रे, परत बघायला नको' असे ड्रायव्हरला सांगणारे मालक आपल्यात कमी नाहीत. तारेसारखा ताणलेला बेल्ट घसरत नाही हे खरे. पण तो सगळा ओढा वॉटर पंपाच्या आणि डायनामोच्या बेअरिंगवर येतो. बेअरिंग गेले की पंपाचे सील गळू लागते आणि पाणी पुन्हा कमी पडते. सैल बेल्टने जे झाले असते तेच घट्ट बेल्टने होते, फक्त जास्त पैसे घालवून.

दहा मिनिटे इंजिन चालवून बंद करावे आणि पुन्हा अंगठा लावावा. नवा बेल्ट खाचेत बसतो आणि थोडा लांबतो, तेव्हा सैल लागणारच. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर आणखी एकदा, मग महिन्यातून एकदा बघितले तरी पुरे.

खरेदीला जाताना जुना बेल्ट सोबत न्यावा. रुंदी आणि लांबी दोन्ही जुळली पाहिजेत. वर छापलेला नंबर वाचता आला तर उत्तमच. दुकानात वर्षानुवर्षे पडून कडक झालेला बेल्ट वाकवला की बारीक भेगा दाखवतो, तो घेऊ नये. एक जादा बेल्ट आणि दोन पाने सीटखाली असू द्यावेत. सुतळीचा वळ किंवा सायकलची ट्यूब बांधून गाडी आणल्याच्या गोष्टी पारावर ऐकायला बऱ्या.

वाटेत चालत्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा लागला, तर 'बॅटरीचे बघू घरी गेल्यावर' असे म्हणू नये. बेल्ट तुटल्याची पहिली खूण हाच दिवा देतो, उष्णतेचा काटा नंतर चढतो. जागीच थांबावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये.

कडबाकुट्टीच्या मोटारीलाही पाचरेच्याच आकाराचे बेल्ट असतात. तिथे दोन बेल्ट शेजारी असतील तर एकच बदलू नये, जोडी एका मापाची घालावी; नाहीतर नवा एकटाच भार ओढतो. दोन्ही पुल्यांच्या तोंडावर दोरी ताणून धरावी. चारही काठांना ती एकसारखी टेकली नाही तर मोटार सरकवून पुल्या रेषेत आणाव्यात. जाळी मात्र परत बसवल्याशिवाय मोटार सुरू करायची नाही, घरात पोरे असतात.

अलीकडच्या मोटारींत एकच रुंद, रेघांचा बेल्ट आणि आपोआप ताणणारी पुली असते. तिथे अंगठ्याचा हिशेब लागू नाही. आणि काही इंजिनांत आत दात्यांचा टायमिंग बेल्ट असतो, तो वेगळाच. त्याचा एक दाता इकडचा तिकडे झाला तर व्हॉल्व्ह पिस्टनला आपटू शकतात, म्हणून त्याला जाणकार मेकॅनिकशिवाय कोणी हात लावू नये.