शेतीविषयक नभोवाणी कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण

नभोवाणीवर सायंकाळी शेतीचा कार्यक्रम लागतो, त्याच सुमारास गोठ्यात धारा काढण्याची वेळ झालेली असते. आणि विजेची पाळी असली तर शेतकरी मोटार सुरू करण्यासाठी विहिरीवर गेलेला असतो. ज्याच्यासाठी कार्यक्रम, तोच ऐकावयास हजर नसतो.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ५ जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी गावकऱ्यांनी एकत्र बसावयाचे, कार्यक्रम ऐकावयाचा व लगेच त्यावर चर्चा करावयाची, अशी त्याची रीत होती. आता आकाशवाणीच्या अनेक केंद्रांचे प्रसारण प्रसारभारतीच्या 'न्यूजऑनएअर' अ‍ॅपवरून इंटरनेटद्वारेही ऐकता येते. ते मुद्रित करून ठेवल्यास वेळ गाठण्याची अडचण पुष्कळ कमी होते.

हे काम ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास एका साध्या संगणकावर करता येते. 'ऑडॅसिटी' ही ध्वनिमुद्रणाची प्रणाली विनामूल्य मिळते. विंडोज संगणकावर तीत 'वासापी' हा पर्याय घेऊन 'लूपबॅक' निवडल्यास संगणकातून निघणारा आवाजच मुद्रित होतो. खोलीतील बोलणे त्यात येत नाही. मात्र त्या वेळी संगणकावर दुसरे काही वाजवू नये, कारण तेही मुद्रणात उतरते. 'टायमर रेकॉर्ड' या सोयीने आरंभाची व शेवटाची वेळ आधी लावून ठेवता येते. इंटरनेटवरील प्रसारण मूळ प्रसारणाच्या किंचित मागे असते, म्हणून दोन्ही बाजूंस पाच-पाच मिनिटे अधिक धरावीत. संगणक मध्येच निद्रावस्थेत जाणार नाही, अशी व्यवस्था करावी. मुद्रण झाल्यावर आरंभ, मध्य व शेवट ऐकून पाहावा. संपर्क तुटल्यामुळे अर्धा कार्यक्रम निःशब्द निघणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि ती शिवारात गेल्यावर कळून उपयोग नाही.

भाषणासाठी एमपीथ्री स्वरूप, एकच ध्वनिमार्ग व ६४ किलोबिटचा वेग पुरेसा होतो. या वेगाने एका तासास सुमारे २९ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे ४ गिगाबाइटच्या कार्डावर सव्वाशे तासांहून अधिक मुद्रण सहज मावते. हे कार्ड लहान एमपीथ्री प्लेअरमध्ये, बटणांच्या साध्या मोबाइलमध्ये किंवा कार्ड चालणाऱ्या स्पीकरमध्ये बसते, व तेथे इंटरनेटची गरज उरत नाही.

सर्वांत अधिक दक्षता नावाविषयी घ्यावयाची आहे. प्रत्येक मुद्रणाच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस व नंतर विषय लिहावा. ही कारकुनी नव्हे. भारतीय हवामान विभागाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो आणि त्यातील अंदाज पुढील पाच दिवसांचा असतो. तारीख नसलेले असे मुद्रण पंधरा दिवसांनी ऐकून कोणी फवारणी केली व त्याच रात्री पाऊस आला, तर औषधाचा खर्च व मजुरी दोन्ही वाया जातात. कीटकनाशकांच्या बाबतीत धोका याहून मोठा आहे. फोरेट व ट्रायझोफॉस यांच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे; त्यापूर्वीच्या एखाद्या भाषणात त्यांची शिफारस असू शकते. याकरिता हवामानाची मुद्रणे आठवड्याने पुसून टाकावीत, औषधांविषयीची हंगामापूर्वी कृषी अधिकाऱ्यास विचारून तपासावीत. जमिनीची मशागत, बीजप्रक्रिया, जनावरांची निगा यांवरील भाषणे मात्र अनेक वर्षे जपण्यासारखी असतात.

प्रसारणाचे मुद्रण स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी किंवा खऱ्याखुऱ्या शिक्षणासाठी करण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. कार्डे भरून विकणे त्यात बसत नाही.

ऐकतानाही थोडे तारतम्य हवे. कडबाकुट्टी, मळणीयंत्र किंवा ट्रॅक्टर चालविताना कानात बोंडे घालू नयेत. रात्री पाणी देतानाही ती काढून ठेवावीत, कारण बांधावरील सळसळ वेळीच ऐकू आली पाहिजे. भांगलणी, शेंगा निवडणे, जनावरे राखणे या कामांत लहान स्पीकर मध्ये ठेवल्यास चौघांना ऐकता येते, आणि एखादा मुद्दा कळला नाही तर तो तेथल्या तेथे पुन्हा लावता येतो.