फायबरच्या होडीला ठिगळ लावताना

कोकणातल्या बंदरांवर आता फायबरच्या होड्या खूप दिसतात. फायबरला गंज नाही, वाळवी नाही, म्हणून ते 'मेंटेनन्स फ्री' अशी अनेकांची समजूत असते. पण तसं नाही.

होडीचा तळ म्हणजे काचतंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे थर. त्यावर जेलकोटचा पातळ लेप, म्हणजे होडीचा रेनकोटच! त्यातूनही पाणी हळूहळू झिरपतं आणि फोड येतात. फोडातल्या पाण्याला व्हिनेगरसारखा वास येतो. म्हणून दरवर्षी तळ धुऊन नाण्याने ठोकून बघावा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतले थर सुटले असण्याची शक्यता.

आता दुरुस्ती. बरेच जण भेगेवर नुसती मॅट चिकटवतात. इथेच चुकतं. जुनं रेझिन पूर्ण सेट झालेलं असतं, नवं त्याच्याशी रासायनिकरीत्या फारसं जुळत नाही, फक्त पकड घेतं. म्हणून पकडीला जागा द्यायची. भोकाच्या कडा घासून १:१२ असा उतार करतात. तळ ५ मिमी जाड असेल तर चारही बाजूंना ६० मिमी. नंतर धूळ काढून अ‍ॅसिटोनने पुसायचं. मग मॅटचे थर, मॅटच्या वजनाच्या दोन-अडीच पट रेझिन, आणि रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे.

हार्डनर रेझिनच्या १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. लवकर सुकावं म्हणून जास्त घातला तर उष्णता वाढून तडे जातात. आणि सर्वांत महत्त्वाचं: हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकत्र करू नका, स्फोट होऊ शकतो! आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळा, मगच हार्डनर. गॉगल, मास्क, हातमोजे हवेतच.

खरी अडचण पावसाळ्याची. होड्या तेव्हाच किनाऱ्यावर असतात आणि हवा दमट असते. ओल्या तळावर पॅच धरत नाही. त्यामुळे छपराखाली घेऊन तळ पूर्ण वाळेपर्यंत थांबायला हवं.

रंग दिल्यावर चांगला पॅच आणि वाईट पॅच सारखेच दिसतात. फरक कळतो तो भर समुद्रात, होडीत माणसं असताना. पटत नसेल तर उतार दिलेला आणि न दिलेला असे दोन नमुने करा आणि लॅबमधल्या यूटीएमवर ओढून बघा.