करवतकाठीचे कुशन आणि पडदे

प्रश्न : नागपूरच्या नव्या फ्लॅटमध्ये करवतकाठी कापडाचे पडदे, कुशन करायचे आहेत. जुनाट दिसू नयेत म्हणून काय करावं?

उत्तर : पश्चिमेच्या खिडकीला करवतकाठीचं टसर रेशीम लावूच नका. आपलं मे महिन्यातलं ऊन रेशमाचा रंग उडवतं, धागाही कमजोर करतं. तिथे जाड सुती पडदा बरा. टसर कुशनला वापरा, आतून सुती अस्तर लावून. छापील काठ घेऊ नका. खऱ्या कापडात काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणून करवतीचे दाते गुंफतात. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावच्या विणकराला टसरचा मूळ मधाळ रंग तसाच ठेवायला सांगा, काठ एकाच विटकरी रंगाचा. तोही कुशनच्या एकाच कडेला. चारही बाजूंनी लावलात तर पूजेचं आसन वाटेल! कुशनसाठी आजीची करवतकाठी साडी कापायचा विचार असेल आणि ती अजून धड असेल, तर तिला कात्री लावू नका.