‘स्लेव्हिश’ : एका विशेषणाच्या मराठी पर्यायांविषयी

इंग्रजी समीक्षेतील ‘स्लेव्हिश इमिटेशन’ या संज्ञेसाठी मराठीत ‘अंधानुकरण’ हा पर्याय सर्रास योजला जातो. तो सोयीचा आहे. तथापि त्यामुळे मूळ विशेषणाचा रोख बदलतो. ‘अंध’ म्हटले की दोष दृष्टीकडे जातो : अनुकरण करणाऱ्याला दिसत नाही, म्हणून तो चुकतो. ‘स्लेव्हिश’मध्ये दोष इच्छेचा आहे. त्याला दिसत असेलही; परंतु निर्णयाचा अधिकार त्याने दुसऱ्याच्या हवाली केलेला असतो.

‘स्लेव्ह’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मुळात ते स्लाव्ह लोकांचे नाव. पकडून विकल्या गेलेल्या एका समाजाचे नावच गुलामाचा वाचक ठरले. ‘इश’ हा प्रत्यय येथे महत्त्वाचा. ‘चाइल्डलाइक’ म्हणजे निरागस, ‘चाइल्डिश’ म्हणजे पोरकट. त्याच न्यायाने ‘स्लेव्हिश’ हे विशेषण आज बहुधा प्रत्यक्ष गुलामाला लावले जात नाही. जो गुलाम नसूनही तसा वागतो, त्याच्यावरील तो ठपका असतो. ‘ऑब्सीक्वियस’ माणसाला लाळघोटेपणासाठी समोर कोणी वरिष्ठ लागतो. ‘स्लेव्हिश’ निष्ठा नियमावर, फॅशनवर, फार काय, एखाद्या ग्रंथावरही असू शकते. म्हणूनच शब्दाला शब्द ठेवणारे भाषांतरही ‘स्लेव्हिश’ ठरते. ड्रायडनने १६८० साली अशा भाषांतराच्या संदर्भात पायांतील बेड्यांची प्रतिमा योजली होती, हे येथे आठवते.

मग ‘दास्यवृत्तीचे’ म्हणावे काय? येथे आपली परंपरा आड येते. नवविधा भक्तीत दास्य ही सातवी भक्ती असून ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकात तिला स्वतंत्र समास आहे. ‘दास’ हे ज्या भाषेत संतांनी अभिमानाने मिरवलेले नाव आहे, तेथे ‘दास्य’ या शब्दाला तुच्छतेची धार सहजासहजी येत नाही.

‘गुलामी’ला ती आहे, परंतु हा शब्द अधिक जपून वापरावयास हवा. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. तेथे गुलामगिरी ही लादलेली अवस्था आहे, दोष लादणाऱ्याचा. ‘स्लेव्हिश’ मात्र पत्करलेल्या वृत्तीविषयी बोलतो. हा भेद न पाळता केलेले भाषांतर जुलूम सोसणाऱ्यालाच लाचार ठरवते, आणि आपल्या समीक्षेत हे घडत आले आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते, अनुकरणाच्या संदर्भात ‘परतंत्र’ हे विशेषण ‘अंध’पेक्षा मुळाच्या अधिक जवळ जाते. व्यक्तीविषयी बोलताना मात्र संस्कृत शब्दाची गरजच नाही. मालकाच्या प्रत्येक प्रश्नाला मान डोलावणारा नंदीबैल आंधळा नसतो. त्याला तसे शिकवलेले असते.