काटा वर येईना

डिसेंबरातल्या पहाटे निफाडला काय गारठा असतो, ते कांदा भरणाऱ्याला सांगायला नको. त्या गारठ्यात जुन्या टाटा 1613 ने सकाळी थोडा पांढरा धूर सोडला तर कुणी मनावर घेत नाही. पण माझ्या गाडीचा तापमानाचा काटा वाशीला माल उतरवेपर्यंत खालीच. परतताना कसारा घाट चढला की जरासा हलायचा, इगतपुरी सोडली की पुन्हा तळाला. डिझेल जास्त जायचं आणि ऑइलच्या पट्टीला डिझेलचा वास यायचा.

नेहमीच्या गॅरेजवाल्याने आधी मीटर आणि सेन्सर बदलला. मग नोजल काढले, पंप खोलून कॅलिब्रेशनला पाठवला. तरी फरक नाही म्हटल्यावर म्हणाला, "रिंगा गेल्यात शेठ, हाफ इंजिन करून टाका. गाडीचं वय बघा की." दर वेळी वय बघायचं गाडीचं आणि बिल भरायचं मी.

एसटीतून निवृत्त झालेले एक काका शेजारच्या गल्लीत राहतात. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. रात्रभर उभी गाडी चालू करायला लावली आणि पंख्यापासून हात जपून रेडिएटरचा वरचा पाईप धरला. थोड्या वेळाने म्हणाले, "हा आत्तापासूनच कोमट होतोय. आत वॉल्व्ह आहे का रे?" हाउसिंगचे बोल्ट काढले. आत थर्मोस्टॅट वॉल्व्ह नव्हताच!

गॅरेजवाल्याला जाऊन विचारलं. मोबाइलमधून मान वर न करता तो म्हणाला, "तो मीच काढलेला, उन्हाळ्यात. गाडी तापत होती ना तुमची. आपल्याकडं कुठं बर्फ पडतो?" म्हणजे वॉल्व्ह नाही हे ठाऊक असताना या गृहस्थाने माझा पंप खोलला. उन्हाळ्याच्या बिलात वॉल्व्ह काढल्याचा उल्लेख नाही, मजुरी मात्र आहे.

म्हणून सांगतो. इंजिन तापत नसेल तर पंपाकडे जाण्याआधी पाईप बघा. वॉल्व्ह चांगला असेल तर वरचा पाईप बराच वेळ गार राहतो आणि इंजिन तापल्यावर भर्रकन गरम होतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला, तर वॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा काढलाय. काट्यावर विश्वास नसेल तर हाउसिंगवर लेझर थर्मामीटर धरा. पाणी कमी असेल तर सेन्सर हवेत राहतो आणि काटा खोटं दाखवतो, म्हणून पाणी आधी बघा, तेही इंजिन गार असताना. व्हिस्कस पंखा असेल तर तो जाम होऊन गार इंजिनलाही सतत पूर्ण वेगाने फिरत नाही ना, हे पाहा.

नवा वॉल्व्ह बसवण्याआधी पातेल्यात पाण्यासोबत तापवा. माझ्या वॉल्व्हवर 82 कोरलं होतं, त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. हवा जायचं छोटं भोक असेल तर ते वर ठेवा. बाकी सर्व्हिसिंग वेळेवर करा वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

"काढून टाका, गाडी गार राहते" हे ऐकू नका. गार इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही, लायनरवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि रिंगा खरोखर जातात. शिवाय बायपास असलेल्या इंजिनात वॉल्व्ह काढला की काही गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं. भरल्या गाडीने मे महिन्यात घाट चढताना तीच गाडी उकळू शकते. गाडी तापते तर रेडिएटर साफ करा, बेल्ट बघा.

आणि गॅरेजमधून निघताना काढलेला प्रत्येक जुना पार्ट हातात मागा, बिलावर लिहून घ्या. माझा वॉल्व्ह गेला कुठे, हे त्या माणसाने अजून सांगितलेलं नाही, आणि पंपाचे पैसेही दिलेले नाहीत.