मोटारीच्या फलकावरील दिवे काय सांगतात?

वणी किंवा पांढरकवड्याहून यवतमाळकडे निघालेल्या मोटारीस वाटेत कुशल कारागीर भेटेलच असे नाही. वैशाखात पारा ४० अंशांच्या वर गेलेला असतो आणि पुष्कळदा गाडीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावयाचा रुग्ण असतो. अशा वेळी फलकावर एखादा दिवा पेटल्यास थांबावे की पुढे जावे, हा निर्णय चालकास एकट्यानेच घ्यावा लागतो.

गाडी कोणत्याही कंपनीची असो, ही चिन्हे बहुतांशी सारखीच असतात. निकड रंगावरून ओळखावी. तांबडा दिवा धोक्याचा, पिवळा लवकर तपासणी करण्याचा. हिरवा व निळा एखादी यंत्रणा चालू असल्याचे केवळ दर्शवितात.

तेलाच्या झारीचा तांबडा दिवा सर्वांत गंभीर होय. इंजिनातील तेलाचा दाब पुरेसा नाही, असे तो सांगतो. तेलावाचून आतील भाग कोरडे घासून इंजिन काही मिनिटांतच निकामी होऊ शकते. ‘गाव चार किलोमीटरवर आहे, तेवढे गाठू’ हा विचार येथे फार महाग पडतो. तापमापीचा तांबडा दिवा पेटल्यासही गाडी सावलीत उभी करून इंजिन बंद करावे. मात्र रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी उसळून चेहरा व हात भाजतात. बॅटरीचा दिवा बहुधा अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बिघडल्याचे सुचवितो. ब्रेकचा दिवा हातब्रेक सोडूनही विझला नाही, तर ब्रेकचे तेल कमी झाले असण्याचा संभव असतो. तशी गाडी हाकू नये.

इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश कार्यशाळा गाठता येते. तो लुकलुकत असेल, तर इंधन नीट जळत नसून धूर शुद्ध करणारे यंत्र खराब होण्याची भीती असते.

किल्ली फिरविताच बहुतेक दिवे क्षणभर पेटून विझतात. ही त्यांची स्वतःची चाचणी होय. जुनी मोटार विकत घेताना ती अवश्य पाहावी. जो दिवा मुळीच पेटत नाही, तो दोष लपविण्यासाठी मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

उभ्या गाडीत मंद लुकलुकणारा तांबडा दिवा पाहून अनेकजण घाबरतात. वास्तविक तो चोरीविरोधी यंत्रणा जागी असल्याची खूण असते. किल्ली फिरविल्यावरही तो लुकलुकत राहिला व गाडी सुरू झाली नाही, तर किल्लीतील सांकेतिक चकती ओळखली गेलेली नाही, असे समजावे व दुसरी किल्ली वापरून पाहावी. रिमोटने बंद केलेले दार साध्या किल्लीने उघडल्यास काही गाड्यांचा भोंगा वाजू लागतो. रिमोटची कळ दाबताच तो थांबतो.

१ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत आसनपट्ट्याची आठवण देणारी व वेगाचा इशारा देणारी घंटा सक्तीची झाली. वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर जाताच ती अधूनमधून, आणि १२० च्या वर सतत वाजते. आसनपट्ट्याच्या खाचेत नुसतीच कडी अडकवून घंटा गप्प करण्याची युक्ती काही चालक करतात. घंटा थांबते, पण अपघातात चालकाला आसनाशी धरून ठेवणारे काहीच उरत नाही.