अकरा पौंड दहा शिलिंग : परदेशी उच्चशिक्षणाच्या खर्चाचा एक अभ्यास

‘शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे सारे काही मिळाले,’ अशी आपल्या समाजात एक भाबडी समजूत आहे. मुलाचे किंवा मुलीचे नाव परदेशी शिष्यवृत्तीच्या निवडयादीत आले की गावात सत्कार होतो, फलक लागतात, पेढे वाटले जातात. हा आनंद योग्यच आहे. परंतु त्या मुलाला परक्या शहरात खोलीचे भाडे किती द्यावे लागेल, पहिला हप्ता हाती पडेपर्यंत तो काय खाईल, हे प्रश्न सत्काराच्या सभेत कोणी विचारत नाही. ते प्रश्न इतिहासाच्या आधारे विचारावेत आणि आजच्या आकड्यांच्या आधारे त्यांची उत्तरे शोधावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बडोद्याची शिष्यवृत्ती

या विषयाचा पहिला धडा बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतच सापडतो. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या या शिष्यवृत्तीने त्यांना दरमहा साडेअकरा पौंड, म्हणजे त्या काळच्या भाषेत अकरा पौंड दहा शिलिंग, तीन वर्षे मिळणार होते. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याची अट होती. एक पौंड म्हणजे पंधरा रुपये हा त्या वेळचा दर धरला तर ही रक्कम सुमारे १७२ रुपये होते. अमेरिकेच्या चलनात ती ५६ डॉलरच्या आसपास जाते.

मुंबईच्या चाळीत १७२ रुपये ही मोठी रक्कम होती. न्यूयॉर्कमध्ये मात्र ५६ डॉलरांत राहणे, जेवणे, कपडे आणि पुस्तके हे सारे बसवायचे होते. शिवाय मागे मुंबईत कुटुंब होते. कोणत्याही शिष्यवृत्तीकडे पाहण्याची पहिली दृष्टी येथेच मिळते : रक्कम आपल्या गावच्या भावाने मोजायची नसते, जेथे ती खर्च होणार त्या शहराच्या भावाने मोजायची असते. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी १९१५ मध्ये एम. ए. पूर्ण केले आणि १९१६ मध्ये पीएच. डी.साठीचा प्रबंध सादर केला. तीन वर्षांच्या मुदतीत एवढे काम उरकण्यामागे ज्ञानाची ओढ होतीच; पण मुदत संपली की पैसा थांबणार, हे गणितही होते.

मुदत संपते तेव्हा

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या दोन्ही ठिकाणी त्यांनी प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीची मुदत वाढवून मिळाली होती, पण ती १९१७ मध्ये संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत विद्यापीठाने दिली. परतीच्या वेळी त्यांचे सामान ज्या जहाजाने पाठवले होते ते युद्धात बुडवले गेले. त्याच्या भरपाईदाखल मिळालेले सहाशे रुपये बडोद्यास नोकरीवर रुजू होण्याच्या प्रवासाला आणि घरखर्चाला उपयोगी पडले, असे चरित्रकार नोंदवतात. जगातील नामांकित विद्यापीठांत शिकलेला हा विद्वान मायदेशी आला तेव्हा त्याच्या हाताशी असलेली रोकड ही बुडालेल्या सामानाची भरपाई होती.

पुढे नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकी करून त्यांनी काटकसरीने पैसा साठवला. राजर्षी शाहू महाराजांनी साहाय्य केले. मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. स्वतःची बचत, राजाश्रय आणि मित्राचे कर्ज अशा तीन धाग्यांनी विणलेल्या झोळीच्या बळावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. मागे रमाईंनी ओढलेला संसार हा या निधीचा चौथा धागा होय. त्याची नोंद कोणत्याही हिशेबवहीत नाही.

रुपयाचा प्रश्न

या कालखंडातील आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावी. १९२० च्या आरंभी रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्याही वर गेला होता; १९२१ मध्ये तो एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास व त्याखाली घसरला. याचा अर्थ काय? पाच हजार रुपयांचे दोन शिलिंगांच्या दराने ५०० पौंड होतात; एक शिलिंग चार पेन्सच्या दराने सुमारे ३३३ पौंड. रुपये तेच, पण १६७ पौंडांची तूट. बडोद्याची पूर्ण वर्षाची शिष्यवृत्ती १३८ पौंड होती, हे लक्षात घेतले म्हणजे या तुटीचे वजन कळते. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध लिहिणारा विद्यार्थी रुपयाच्या घसरणीच्या काळातच लंडनमध्ये राहत होता. विनिमय दर हा पाठ्यपुस्तकातला विषय वाटतो. परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या ताटात तो दररोज वाढला जातो.

व्यक्तीच्या कृपेकडून राज्याच्या कर्तव्याकडे

महाराजांची उदारता थोर होती. पण उदारतेवर समाज उभा राहत नाही, हक्कावर राहतो. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ मध्ये मजूर खात्याचे सदस्य झाल्यावर बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्चशिक्षणासाठी सरकारी निधीची मागणी लावून धरली व त्यातून तीन लाख रुपयांची तरतूद झाली. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती योजना आली. महाराष्ट्रात २००३ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिचा कारभार पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालतो. मुळशीच्या खोऱ्यातील पालकांना या कार्यालयाची वाट एका दिवसात जाऊन येण्याइतकी जवळ आहे.

आजचा हिशेब

राष्ट्रीय योजनेत दरवर्षी १२५ जागा आहेत. त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत, वय ३५ च्या आत व पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण, या मुख्य अटी. शिक्षणशुल्क व विमानभाडे सरकार देते. निर्वाहभत्ता ब्रिटनसाठी वर्षाला ९,९०० पौंड, तर अमेरिकेसह इतर देशांसाठी १५,४०० डॉलर आहे.

आता ब्रिटनचे उदाहरण घेऊ. ९,९०० पौंड म्हणजे दरमहा ८२५. विद्यार्थी व्हिसासाठी ब्रिटिश सरकारनेच राहणीमानाचा किमान खर्च ठरवला आहे. जानेवारी २०२५ च्या दराने तो लंडनमध्ये दरमहा १,४८३ आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड होता. पुढे तो आणखी वाढवण्यात आला. म्हणजे जुन्या दरानेही लंडनमध्ये महिन्याला ६५८ आणि लंडनबाहेर ३११ पौंडांची तूट येते. विद्यार्थी काटकसर करतील, खोली वाटून घेतील, स्वयंपाक स्वतः करतील. वसतिगृहात वाढलेल्या आपल्या मुलांना हे शिकवावे लागत नाही. तरीही वर्षाला ३,७०० ते ७,९०० पौंडांची तूट केवळ काटकसरीने भरून निघणारी नाही.

नोकरी करून ती भरावी, असे सहज म्हटले जाते. पदव्युत्तर विद्यार्थ्यास ब्रिटनमध्ये सत्राच्या काळात साधारणतः आठवड्याला २० तास काम करण्याची मुभा असते. परंतु राष्ट्रीय योजनेत संशोधन वा अध्यापन साहाय्यक म्हणून होणाऱ्या मिळकतीवर वर्षाला १,५६० पौंडांची मर्यादा घातलेली आहे. तेवढी मिळकत झाली तरी लंडनबाहेरची तूट निम्मीही भरत नाही. म्हणून शहराची निवड हाही निधीचाच एक भाग समजावा. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क जवळजवळ नसते आणि व्हिसासाठी खात्यात वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. तेथील पर्यायाचा विचार आपल्याकडे फारच कमी होतो.

दोन अडसर

पहिला अडसर विषयाचा. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून वगळले. बाबासाहेबांचा एम. ए.चा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता आणि मे १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेला निबंध भारतातील जातिसंस्थेवर होता. हे दोन्ही विषय आजच्या नियमात बसले नसते. ज्या प्रश्नाने आपले आयुष्य घडवले वा बिघडवले, त्याचाच अभ्यास करण्यास निधी नाकारणे हे इतिहासाच्या शिक्षकाला कधीच मान्य होणार नाही.

दुसरा अडसर अनिश्चिततेचा. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय योजनेच्या १०६ निवड झालेल्या विद्यार्थ्यांपैकी केवळ ४० जणांना सुरुवातीस शिष्यवृत्तीची पत्रे देण्यात आली. उरलेल्या ६६ जणांना निधीच्या उपलब्धतेवर अवलंबून ठेवण्यात आले. विद्यापीठे सप्टेंबरात उघडतात. जुलैत ‘निधी आला तर’ हे उत्तर म्हणजे मुलाने एक पाय होडीत आणि एक पाय काठावर ठेवून उभे राहणे होय.

काय करावे?

विद्यार्थ्यांनी पदवीच्या शेवटच्या वर्षाआधीच पारपत्र, जातवैधता, उत्पन्नाचा दाखला आणि भाषेची परीक्षा ही कामे मार्गी लावावीत. अटी वारंवार बदलतात. म्हणून मागच्या वर्षी कोणी सांगितलेल्या माहितीवर न विसंबता त्या वर्षीचा मूळ शासन निर्णय वाचावा. केवळ एकाच योजनेवर भिस्त ठेवू नये. चेव्हनिंग, कॉमनवेल्थ, फुलब्राइट-नेहरू, डाड या शिष्यवृत्त्यांसाठीही अर्ज करावा. प्रवेशाचे पत्र येताच त्या शहरातील भाडे, प्रवास आणि जेवण यांचा महिनावार तक्ता कागदावर मांडावा व तो पालकांना समजावून सांगावा.

पालकांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी काही खर्च आधीच येतो. व्हिसाचे शुल्क, ब्रिटनचा वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार, खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे, थंडीचे कपडे यांतील काही रक्कम योजनेतून नंतर परत मिळते, काही मिळत नाही. पण आज ती द्यावीच लागते. याच टप्प्यावर सावकाराकडे जाणे, जमिनीचा तुकडा गहाण टाकणे, असे प्रसंग ओढवतात. कर्ज घ्यावेच लागले तर ते रुपयात फेडायचे असून खर्च पौंडात होणार आहे, हा १९२० चा धडा विसरू नये.

आणि माजी विद्यार्थ्यांसाठी एक विनंती. राज्याने आपले कर्तव्य करावे म्हणून निर्वाहभत्ता महागाईशी जोडण्याची आणि विषयांवरील बंदी उठवण्याची मागणी आपण संघटितपणे करीत राहिले पाहिजे. पण ती मान्य होईपर्यंत कोणाची विमानाची तारीख थांबत नाही. नवल भथेना हे राजे नव्हते. ते मित्र होते, आणि त्यांनी दिलेली रक्कम दान नव्हती, परतफेडीच्या विश्वासाने दिलेले कर्ज होते. असाच एक बिनव्याजी फिरता निधी माजी विद्यार्थ्यांनी उभारावा. परदेशी निघालेल्या मुलाला पहिल्या तीन महिन्यांपुरती रक्कम त्यातून मिळावी. हप्ता आला की त्याने ती परत करावी, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीच्या तिकिटाला ती कामी येईल. पन्नास माजी विद्यार्थ्यांनी दरमहा पाचशे रुपये दिले तर वर्षाला तीन लाख रुपये जमतात. व्हाइसरॉयच्या सरकारकडून बाबासाहेबांनी मिळवलेला आकडाही तीन लाखच होता. रुपयाची किंमत तेव्हाची आज राहिलेली नाही. पण एका विद्यार्थ्याचा पहिला हिवाळा निभावून नेण्यास ही रक्कम आजही पुरेशी आहे.